आईच्या हातचं बोलणं

९ जून

दादा,

हे पत्र फाडायचं असेल तर आधी शेवटचा परिच्छेद वाच आणि मग फाड. म्हणजे विचारायचं ते विचारून झालं, एवढं तरी मला समाधान. पत्ता तुझ्या गॅरेजवाल्या मित्राकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याच्या दारात इतका वेळ उभी राहिले की त्याचं कामात लक्ष लागेना.

आई बरी आहे. शिंपीकाकांची काज-बटणं अजून तीच करते. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण कबूल करत नाही. सुई ओवायची वेळ आली की माझ्याकडे पाठ करून बसते. तू गेल्यापासून तिचं बोलणं मी करते. दुकानात, दवाखान्यात, घरमालकाकडे. काका पूर्वी तुला म्हणायचे तसं आता मला वकीलसाहेब म्हणतात. "वकीलसाहेब, आईला सांगा, या खेपेला टाके दाट हवेत." मी तक्रार करत नाही. खरं तर थोडी करतेय, खोटं कशाला लिहू.

आता मुद्द्याचं. गेल्या हिवाळ्यात आईचे डोळे दाखवायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. बाकावर शेजारी एक बाई होती, तिच्याबरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. मुलगी ऐकू न येणारी आहे हे मला बघताक्षणी कळलं, तुलाही कळलं असतं. ती रडत होती, मध्येच दोन बोटं पायाला चावल्यासारखं करून दाखवत होती, आणि बाई तिला गप्प बस म्हणून दटावत होती. मी उठले, तिचा बूट काढला. आतून खिळा वर आला होता. मुलगी रडायची थांबली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू भिंतीत दार उघडलं.

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी ठरलं. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. फक्त ठरलं. तेव्हापासून मी स्वतःला विचारतेय की हे देवाने सांगितलं की माझ्या मनाने. मला शिवणाचा कंटाळा आलाय, हेही खरं आहे. माणूस आपल्याला हवं ते देवाच्या नावावर खपवतो, म्हणून भीती वाटते.

तरी आईला सांगितलं. आपल्या घरातली देवाची खूण तुला आठवत असेल, डोक्यावर वरून कुणी हात ठेवावा तशी. ती केली आणि म्हटलं, याने काम सांगितलंय. कोणतं, तिने विचारलं. मुलं, तुझ्यासारखी. तिने हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला आणि मग मान हलवली. ती मान होकाराची की "बरं, बघू"ची, ते मला अजून कळलेलं नाही.

इथल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतून दर वर्षी एकीदोघींना शिक्षिका व्हायच्या प्रशिक्षणाला पाठवतात. वर्षभर, दुसऱ्या गावी. या महिन्यात मुलाखत आहे. शाळा शेवटपर्यंत पुरी केलेली आपल्या घरात मी पहिलीच, आणि ती पुरी व्हावी म्हणून तू तुझी सोडलीस, हे मी विसरलेले नाही. पण दादा, आईची भाषा बोलणारी जगात आपण दोघंच उरलोय. बाबा गेले, तू गेलास. आता मीही गेले तर तिने हात कुणापुढे हलवायचे? वर्षभर येशील का? नाही म्हणालास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी रागावणार नाही.

तुझी धाकटी


२८ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. पण जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तर समजणार नाही.

मी मुलाखतीला इतक्या खात्रीने गेले की आता आठवलं की कान तापतात. बाकीच्या मुली वह्या चाळत होत्या. मला वाटलं, यांना काय चाळायचंय ते चाळू दे, मी ही भाषा बोलायच्या आधीपासून बोलते. आत मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि वरच्या वर्गातली तीन मुलं होती. मोठ्या बाई म्हणाल्या, यांच्याशी गप्पा मारा. मी सुरू केलं. आई आजारी कशी पडली, डॉक्टरकडे कसं नेलं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं भरभर.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकाने दुसऱ्याला काहीतरी दाखवलं आणि तिघं पोट धरून हसली.

तुझ्या लक्षात आलं का? आपली डॉक्टरची खूण. आपले डॉक्टर कान खाजवायचे म्हणून आपण डॉक्टर म्हणताना कान खाजवतो. पाणी म्हणजे आपल्या मोरीतला घट्ट नळ दोन्ही हातांनी पिळणं. मुलांना वाटलं या बाईच्या कानात किडा गेलाय आणि ती ओले कपडे पिळतेय. त्यांची खुणांची भाषा वेगळीच आहे, दादा. तिला व्याकरण आहे, शब्द आहेत, ती हजारो माणसं बोलतात. आपली फक्त आपल्या स्वयंपाकघरात चालते. आपण इतकी वर्षं ती बोललो आणि ती आपल्या चौघांनी बनवलीय हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या बहिऱ्यांचा डॉक्टर कान खाजवतो.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरची भाषा प्रेमाने शिकलात. आमची कष्टाने शिकावी लागेल. तयारी आहे?" वसतिगृहात मदतनिसाची जागा होती, ती त्यांनी दिली. राहायचं तिथेच, रविवारी घरी. शिकत राहा, सप्टेंबरमध्ये पुन्हा मुलाखत घेऊ, म्हणाल्या.

मी हो म्हटलं. बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि देवाला म्हटलं की तुला माझी फजितीच करायची होती तर आधी एवढं स्पष्ट ठरवायला का लावलंस. लगेच वाईट वाटलं आणि माफी मागितली. मग वाटलं, माफी भीतीने मागितली, मनापासून नाही. असं माझं चालू असतं.

धाकटी


१७ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "आईचं सोडून काहीही माग." अक्षर बदललेलं नाही, हे पाहून आधी आनंद झाला. अर्थ नंतर पोचला.

मी मागत नाही. फक्त एक लिहिते आणि पुन्हा तो विषय काढणार नाही. दवाखान्याच्या त्या बोळात डॉक्टरांनी बाबांचं तुला सांगितलं, कारण तू मोठा होतास. आणि मग ते आईला तुझ्याच हातांनी सांगावं लागलं. तुझी मिसरूड नुकती फुटलेली. बाबा जाणार हे सांगणारे हात आणि बाबा गेले म्हणून ज्यांना आई धरून रडली ते हात, एकाच मुलाचे. त्यानंतर तू घरात हात खिशात घालून फिरायला लागलास. जाताना म्हणालास, "मी कुणाचं तोंड नाही." सगळे म्हणाले, पोरगं उलट्या काळजाचं निघालं. मी तेव्हाही तसं म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. ती वकिली आता मी करते, म्हणून मला ठाऊक आहे की ती किती जड जाते.

इथलं काम सांगते. लहान मुलींच्या वेण्या, नखं, ओल्या झालेल्या गाद्या उन्हात टाकणं, हरवलेला मोजा शोधणं. मोजा नेहमी एकच हरवतो. वर्गात मला जागा नाही, पण खिडकीच्या काचा पुसायला मी जरा जास्तच वेळ घेते. मुली मला शिकवतात आणि चुकले की माझ्या हातावर चापट मारून बोटं सरळ करतात. त्यांनी माझं नाव ठेवलंय, कान खाजवून. सगळ्या शाळेत माझं तेच नाव आहे.

रविवारी घरी जाते तेव्हा आई दारातच उभी असते. आठवडाभराचं एका दमात सांगते. शेजारच्या काकूंची मांजर, काकांनी परत केलेलं शर्टाचं गाठोडं, गॅसवाल्याने चुकीच्या दारावर ठेवलेली टाकी. संध्याकाळी मी निघाले की ती हात मांडीवर ठेवून देते. मला तिचे ते ठेवलेले हात आठवडाभर दिसत राहतात.

सप्टेंबरची मुलाखत या वेळी बाहेरचे लोक घेणार आहेत. माझ्यासाठी प्रार्थना कर, असं लिहिणार होते. तू करत नाहीस हे ठाऊक आहे. तर मग निदान आठवण काढ.

धाकटी


२२ सप्टेंबर

दादा,

मुलाखत झाली नाही. म्हणजे इतरांची झाली.

सकाळी तयार होऊन वाट बघत होते, तर काकूंचा फोन आला. आईच्या उजव्या हातावर उकळतं पाणी सांडलं होतं. मनगटापासून बोटांपर्यंत. ती ओरडली असणार, पण तिचं ओरडणं काकूंना नेहमीच्या आवाजांतलं वाटलं. बऱ्याच वेळाने ती डावा हात हलवत त्यांच्या दारात उभी राहिली. दवाखान्यात तिला विचारत होते कुठे दुखतं, काय झालं, आधी काही आजार आहे का, आणि तिचा बोलायचा हात तर पट्टीत. मी पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला बघून रडली नाही. डाव्या हाताने माझा चुरगळलेला कुर्ता सरळ केला. मुलाखतीसाठी इस्त्री करून दिलेला होता तो.

मोठ्या बाईंनी परीक्षकांना थांबवून बघितलं. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. आता पुढची निवड उन्हाळ्यात.

आई आता माझ्याजवळ आहे, वसतिगृहाच्या माझ्या खोलीत. पट्टी सुटेपर्यंत राहू दे, म्हणाल्या बाई.

मी घरी असते तर हे झालं नसतं, हा विचार डोक्यातून जात नाही. कधी वाटतं, आईला टाकून आले म्हणून ही शिक्षा आहे. मग वाटतं, देव मला शिक्षा करायला आईचा हात भाजेल, इतका तो वाईट आहे असं मी समजते का? आणि तसं समजत असेन तर मी कुणाला प्रार्थना करतेय? गेले काही दिवस मला प्रार्थना जमत नाही. नुसती बसते. बसणं सोडलेलं नाही, एवढंच.

तुला दोष देण्यासाठी लिहिलेलं नाही. लिहिल्याशिवाय राहवेना.

धाकटी


६ ऑक्टोबर

दादा,

काल आईशी बोलणं झालं. ते जसंच्या तसं लिहून ठेवतेय, नाहीतर पुढे मी त्यात माझं काहीतरी घालेन.

मी काम सोडायचं ठरवलं होतं. आईला म्हटलं, हात बरा झाला की आपण घरी जाऊ, दोघी. ती चहा पीत होती. पेला ठेवला आणि डाव्या हाताने डोक्यावर हात ठेवल्याची खूण केली. त्याचं काय? त्याने काम सांगितलं होतं ना?

मी म्हटलं, सांगितलं असं मला वाटलं होतं.

तिने विचारलं, "तोंडाने सांगितलं की हाताने?"

मी म्हटलं, तोंडाने नाही, हातानेही नाही. तो तसा बोलत नाही.

तिने पेला बाजूला सरकवला. मग हसली, पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसेल इतकी. म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखाच आहे."

आणि लहानपणी आपण जेवताना मान फिरवली की ती करायची तसं केलं. माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. पुढचं तिने सांगायची गरज उरली नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलायचं तर नजर काढायची नाही. तू मान वळवलीस की बोलणं संपलं, त्याचं नाही, तुझं.

दादा, मी इतके महिने कान लावून बसले होते.

काम सोडलेलं नाही. काही कळलेलंही नाही. पुढे काय, कुठे, माहीत नाही. पण आज सकाळी गाद्या उन्हात टाकताना मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

धाकटी


१५ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता बदलला नसेल असं धरून लिहितेय.

आईची पट्टी कधीच सुटली. करंगळी थोडी वाकडी राहिली. आम्ही घरी गेलो नाही. कारण ऐक.

शाळेत एक शिवणबाई आहेत, त्या स्वतः बहिऱ्या. मुलींना शिवण शिकवतात. पट्टी होती तेव्हा आई नुसती त्यांच्या वर्गाच्या दारात बसायची. आधी तिला त्या मुली आवडल्या नाहीत. मला म्हणायची, किती घाई, माश्या मारल्यासारखे हात. पण नजर हटत नव्हती. विचार कर, आपल्या आईने पन्नाशी गाठेपर्यंत स्वतःसारखं दुसरं माणूस बोलताना पाहिलेलं नव्हतं. एक दिवस एका मुलीचं काज वाकडं गेलं. आईने ते तिच्या हातातून ओढून घेतलं, उसवलं आणि डाव्या हाताने पुन्हा करायला बसली. शिवणबाईंनी शेजारी स्टूल सरकवलं. तिथून ते स्टूल हललेलं नाही. मोठ्या बाईंनी तिला शिवणवर्गात रीतसर ठेवून घेतलंय.

त्या दोघी आता दिवसभर बोलतात. काय बोलतात देव जाणे. खरंच सांगते, मला निम्मं कळत नाही. परवा जेवताना आईने मला एक खूण केली आणि ती मला येत नव्हती. मी विचारलं काय, तर तिने शिवणबाईंकडे बघितलं आणि दोघी हसल्या. मला राग आला, दादा. ताट उचलून उठले. जन्मभर मी जिच्यासाठी बोलले ती माझ्याशिवाय बोलतेय, आणि मला आनंद व्हायच्या आधी राग आला. खोलीत जाऊन स्वतःची लाज वाटली आणि मग आईच मागून आली. कशावर हसलात, म्हटलं. तिने सावकाश, आपल्या जुन्या खुणांनी सांगितलं: "मी म्हणाले, ही पोरगी देवाशी भांडते आणि मग घाबरून त्याच्यासाठी गाद्या वाळत घालते."

तिला सगळं दिसत होतं, दादा. मला वाटायचं, मीच तिला सांभाळतेय.

धाकटी


३० एप्रिल

दादा,

दोन गोष्टी.

पहिली, मुलाखत झाली. या वेळी मी कान खाजवला नाही. निकाल लागला, माझं नाव निवडलेल्यांत नाही. प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. मोठ्या बाई निकाल सांगताना चष्मा पुसत होत्या. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी वाट बघायची सवय त्यांना कुणी सांगितली? मी हसले. वर्षापूर्वी मी हसले नसते. कुणी जागा सोडली तर मला बोलावतील, नाहीतर पुन्हा वर्ष. रडू आलं होतं, ते रडून घेतलं. पण यावेळी रडताना देवाला जाब विचारला नाही. समोर बसून रडले, एवढंच.

दुसरी, तुझं कार्ड. "आई विचारते का?"

विचारते. पूर्वी तुझी खूण करायची, हनुवटीवरच्या वणाची, आणि "कुठे?" एवढंच. मी म्हणायचे, लांब. त्यापुढे बोलायला आपल्या भाषेत जागाच नव्हती. कार्ड आलं त्या दिवशी मी तिला ते दाखवलं. तिने इथल्या नव्या खुणांनी विचारलं, "तो माझ्यावर रागावला होता, की दमला होता?"

मी म्हटलं, दमला होता.

ती म्हणाली, तिलाही तसंच वाटलं होतं, पण विचारायला कुणी नव्हतं.

धाकटी


३ जुलै

दादा,

बोलावणं आलं. निवडलेल्यांतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तिची जागा मला. सोमवारी निघायचं आहे. ट्रंक भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. मला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा काहीतरी मोठं वाटेल. वाटतंय ते असं की मोजे पुरतील ना.

अजूनही मला शपथेवर सांगता येणार नाही की त्या दवाखान्याच्या बाकावर मला देवाने सांगितलं. पण मधल्या काळात तो कुठे गेला नव्हता, एवढं सांगता येतं.

आईला विचारलं, माझ्याशिवाय राहशील? ती म्हणाली, तुझ्या खोलीत शिवणबाई राहायला येणार आहेत, त्यांना खिडकीची बाजू हवीय, तू सामान लवकर हलव. झाली माझी आवराआवर.

पहिल्या पत्रात मी तुझ्याकडे एक वर्ष मागितलं होतं. ते परत घेते. आईचं बोलणं करायला आता कुणी नको. परवा गॅसवाला इथल्या स्वयंपाकघराच्या दारात चुकीची टाकी ठेवून निघाला होता, तिने त्याला हात धरून परत आणलं, कागदावर चित्र काढून भांडली आणि जिंकली.

हे पत्र लिहिताना ती शेजारी बसलीय. तुला काय लिहू म्हणून विचारलं. तिने आधी आपली जुनी खूण केली, मग नवी, दोन्ही भाषांत एकच, म्हणजे मी चुकणार नाही. तसंच लिहितेय:

"त्याला सांग, माझ्यासाठी बोलायला येऊ नको. जेवायला ये. हात खिशात ठेवलेस तरी मी भरवीन."

धाकटी